अण्णा तर गेलेले, मग ‘रात्रीस खेळ चाले’ परत आली कशी?

मालिकेचा शेवटचा भाग झाला की पहिली कमेंट ठरलेली असते, ‘दुसरं पर्व कधी?’ ‘रात्रीस खेळ चाले’साठी मात्र हा प्रश्न अवघड होता. झी मराठीवर २२ फेब्रुवारी २०१६ला मालिका सुरू झाली तीच अण्णा नाईकांच्या मरणाने. ऑक्टोबरमध्ये संपली. मग परत आणायचं कोणाला?

लेखकांनी गोष्ट मागे नेली. १४ जानेवारी २०१९ला आलेलं दुसरं पर्व पहिल्याच्या आधीच्या काळातलं होतं, म्हणजे प्रीक्वल. सुषमा ही अण्णा आणि शेवंताची मुलगी, हे प्रेक्षकांना ठाऊक होतं. ते सगळं घडलं कसं, हे नव्हतं. शेवट माहीत असूनही लोक टीव्हीसमोर बसले ते त्यासाठीच. माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता घराघरांत पोचली ती याच पर्वात. (मीम्सचं तर विचारूच नका.) सिंधुदुर्गातली मालवणी बोली थेट घुग्घुसपर्यंत आली आणि इथे, जिथे मराठीसोबत हिंदी-तेलुगूही कानावर पडते, तिथेही तिने कुणाचं अडवलं नाही.

पण प्रत्येक ब्रेक ठरवून घेतलेला नसतो. मार्च २०२०मध्ये कोरोनामुळे चित्रीकरण थांबलं. नवे भाग १३ जुलैला सुरू झाले आणि ऑगस्टअखेर मालिकाच संपली. तिसरं पर्व २२ मार्च २०२१ला आलं, तर महिनाभरातच राज्यात पुन्हा निर्बंध. काही मालिकांनी गोवा, सिल्वासा गाठलं. ‘रात्रीस खेळ चाले’ थांबली ती ऑगस्टमध्येच परतली. आपल्यासाठी ती फक्त वाट पाहणं होतं. सेटवर रोजंदारीवर राबणाऱ्यांचा तेवढ्या दिवसांचा रोज बुडाला. झाडीपट्टीत हे कुणाला समजावून सांगायला नको. नाटकांचा एक हंगाम बुडाला की काय होतं, ते वडशाला विचारा.

तिसऱ्या पर्वात शेवंताच बदलली. नेमळेकर बाहेर पडल्या, कृतिका तुळसकर आल्या. यावर सोशल मीडियावर झालेली भांडणं आठवत असतीलच. गोष्ट परत येते तेव्हा लोकांना जुने चेहरेही परत हवे असतात, आणि मला तरी त्यात काही चूक वाटत नाही.

आता नव्याने बघणार असाल तर कथेच्या क्रमाने जाऊ नका, आधी पहिलंच पर्व बघा. दुसऱ्याची मजा त्यानेच वाढते. दुपारपाळी संपवून मध्यरात्री घरी येणाऱ्या खाणकामगाराला साडेदहाची वेळ जमणं कठीणच होतं. त्याच्यासाठी झी५ आहे.