धरणातल्या होडीला इंजिन कोणते?

अमरावतीकर पाणी पितात ते सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणाचे, अकोलेकर महानच्या काटेपूर्णाचे. म्हणून इथल्या मासेमारीच्या होडीमागे इंजिन टांगायचे, तर आधी वेगाचा नव्हे, पाण्याचा विचार हवा. जुन्या, कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक इंजिनात धूर बाहेर पडत असतानाच ऑइल मिसळलेले ताजे पेट्रोल आत शिरते. त्यातला जवळपास पाव हिस्सा न जळताच धुराबरोबर निसटतो, आणि धुराची वाट बहुधा पाण्याखालीच असते. अमेरिकेतल्या टाहो तलावावर अशा इंजिनांना १९९९ पासून बंदी आहे.

फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल वेगळे राहते, पेट्रोलही कमी लागते. हे इंजिन महाग आणि जड पडते, ही तक्रार खरीच. पण खोल समुद्रातल्या बोटीला दोन इंजिने लागतात ती एक बंद पडल्यास दुसऱ्यावर किनारा गाठण्यासाठी. धरणात काठ जवळ असतो, तिथे एक लहान फोर-स्ट्रोक आणि वल्ह्यांची जोडी पुरते. जाळे लावून पहाटे उचलणाऱ्या भोई बांधवांना तर वल्हेच बरे, कारण इंजिनाचा पंखा जाळ्यात गुंतला की दोन्हींचे नुकसान.