मागच्या बाकावर बसणारा माणूस

जिल्हा परिषदेच्या कोणत्याही जुन्याजाणत्या शिक्षकाला विचारा, आजवरच्या प्रशिक्षणांची नावे तो धडाधड सांगेल. तालुक्याच्या सभागृहातली, टाळेबंदीत दीक्षा ॲपवर झालेली ‘निष्ठा’ या राष्ट्रीय उपक्रमाची, आणखी कितीतरी. त्यांतले वर्गात किती उतरले, असे विचारले की मात्र तो नुसता हसतो.

या हसण्यामागचे दुखणे अमेरिकेत शिक्षणसंशोधक ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीलाच ओळखले होते. नवी पद्धत ऐकून, पाहून, सराव करूनही ती वर्गात रुजत नाही. पहिल्या काही वेळा ती फसतेच, आणि शिक्षक गुपचूप जुन्या वाटेला लागतो. म्हणून जाणकार सहकाऱ्याने वर्गात येऊन बसावे, पाठ पाहावा, नंतर बोलावे आणि पुन्हा यावे, असे त्यांनी सुचवले.

समजा, तिसरीत हातच्याची वजाबाकी चालू आहे. मागच्या बाकावरची मार्गदर्शक शिक्षिका ‘पाठ चांगला झाला’ असा शेरा लिहीत नाही. ती नोंदवते की प्रश्न विचारल्यावर बाई क्षणभरही थांबल्या नाहीत, उत्तरे त्याच तीन मुलांनी दिली आणि खिडकीकडची रांग तासभर गप्प होती. मधल्या सुट्टीत दोघी मिळून एकच बदल ठरवतात, आणि पुढच्या भेटीत फक्त तोच पाहायचा. एका वेळी दहा सूचना देणारा माणूस स्वतःचे समाधान करून घेतो, एवढेच.

2018 साली क्राफ्ट, ब्लेझर आणि होगन या संशोधकांनी अशा वर्गातल्या मार्गदर्शनावरच्या 60 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. शिकवण्यात ठळक सुधारणा दिसली, मुलांच्या गुणांत त्याहून कमी, पण खरी. मात्र शंभराहून अधिक शिक्षकांच्या कार्यक्रमांत परिणाम जवळपास निम्म्यावर येत होता. राज्यभर योजना राबवू पाहणाऱ्यांनी हा आकडा आधी वाचावा.

आफ्रिकेतले अनुभव आपल्याला अधिक जवळचे आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्थ वेस्ट प्रांतात त्स्वाना भाषेतले वाचन शिकवणाऱ्या शिक्षकांच्या दोन गटांना सारखीच पाठटाचणे आणि पुस्तके मिळाली. एका गटाला नेहमीसारखे एकत्र बोलावून प्रशिक्षण दिले, दुसऱ्याच्या वर्गात मार्गदर्शक गेले. दोन वर्षांनी दुसऱ्या गटातल्या मुलांची प्रगती सुमारे दुप्पट भरली. पुढे त्याच देशाच्या म्पुमलांगा प्रांतात हेच काम टॅबलेट आणि फोनवरून करून पाहिले. तीन वर्षांनंतर इंग्रजी वाचनात त्याचा परिणाम दिसला नाही. प्रत्यक्ष भेटींचा दिसला. केनियाने ‘तुसोमे’ या वाचन कार्यक्रमात नवी पदे निर्माणच केली नाहीत. असलेल्या क्षेत्रीय अधिकाऱ्यांना टॅबलेट दिले आणि प्रवासखर्च शाळाभेटींशी जोडला. प्रत्येक भेटीत पाठ पाहायचा आणि काही मुलांचे वाचनही ऐकायचे. मला तरी यात सर्वांत शहाणपणाचे वाटते ते हे काटकसरीचे डोके.

कारण अशी क्षेत्रीय पदे आपल्याकडेही आहेत. 1990च्या दशकात महाराष्ट्राने शाळांच्या प्रत्येक गटासाठी, म्हणजे केंद्रासाठी, केंद्रप्रमुख नेमले ते शिक्षकांना वर्गात मदत व्हावी म्हणूनच. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये (शाळांच्या गटात) शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांबरोबर बसून काय घडवता येते ते दाखवले. राज्यभरातून शिक्षक ते वर्ग पाहायला गेले. 2015च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या राज्य कार्यक्रमामागेही त्या कामाची प्रेरणा होती. पण वर्ग पाहून येणे वेगळे, आणि आपल्या वर्गात कुणी पुन्हा पुन्हा येत राहणे वेगळे. दुसरी गोष्ट फारशी घडली नाही. अनेक केंद्रांत पद रिकामे राहते, एकाकडे दोन-तीन केंद्रांचा कार्यभार असतो. आलेच साहेब, तर यू-डायस या शाळा-नोंदणीची माहिती, पोषण आहाराची नोंदवही आणि शिष्यवृत्तीचे अर्ज यांतच दुपार सरते.

शिवाय जुनी भीती आहेच. जो तपासायला येतो त्याच्यासमोर शिक्षक आपला सर्वांत घोटवलेला पाठ घेणार, अडलेला नव्हे. 2020च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने दरवर्षी 50 तासांचे व्यावसायिक प्रशिक्षण सांगितले आहे. त्यातले निम्मे तास तरी शिक्षकाच्या स्वतःच्या वर्गात खर्च व्हावेत, आणि त्या तासांना येणाऱ्या माणसाच्या हाती ना तपासणीची नोंदवही असावी, ना गोपनीय अहवाल.