सानगडी : किल्ल्यापलीकडची शाळा

साकोलीहून लाखांदूरच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या सुरू होतात आणि सानगडी येईपर्यंत संपत नाहीत. इथं येणारा पाहुणा बहुधा किल्ल्याची वाट विचारतो. सहानगड हे त्याचं दुसरं नाव. अंबागड, प्रतापगड, पवनी आणि सानगडी ही जुन्या, अखंड भंडारा जिल्ह्याच्या किल्ल्यांची यादी इथल्या शाळकरी पोरांना पाठ असते, त्यामुळे गोंड आणि भोसल्यांचा इतिहास इथं पुन्हा उगाळत नाही. बुरूज पाहून झाले की गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेकडे वळावं. सानगडी आज कशी आहे, हे तिथल्या हजेरीपटावरून जास्त कळतं.

सहावी ते आठवीच्या वर्गांत आता कोण बसतं? कोहळी, कुणबी, तेली घरांतली काही मुलं. बौद्ध, गोंड, ढिवर, गोवारी कुटुंबांतली बरीच. कुणाच्या घरी दोन-तीन एकर धान, कुणाच्या घरी तेवढीही जमीन नाही. 2011च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या 12 लाखांच्या घरात होती आणि साक्षरता 83 टक्क्यांच्या वर. आकडा चांगलाच आहे. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पाटलाचा आणि सालगड्याचा पोरगा एकाच पट्टीवर बसत, ते चित्र आता मोडलं आहे. सकाळी पिवळ्या गाड्या येतात आणि ज्यांना फी परवडते त्यांची मुलं ‘कॉन्व्हेंट’ला जातात. खासगी इंग्रजी शाळेला या भागात सरसकट हेच नाव. उरलेली मुलं जिल्हा परिषदेच्या वर्गात येतात आणि मग दोन्हीकडचे निकाल शेजारी-शेजारी ठेवून सरकारी शाळा ढासळल्या, असं लिहिलं जातं. मला ही तुलनाच अन्यायाची वाटते. ज्याच्या घरी संध्याकाळी अभ्यासाला बसवणारं कुणी आहे आणि ज्याची आई अंधार पडल्यावर बांधीतून परतते, त्या दोघांचे गुण एका फुटपट्टीनं मोजायचे कसे?

आकडे वाईट आहेत, हे नाकारून चालणार नाही. ग्रामीण मुलांना वाचन-गणित किती येतं हे तपासणाऱ्या ‘असर’च्या 2024च्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण भागात आठवीच्या केवळ 45.8 टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता आलं. यात खासगी शाळांतली मुलंही धरली आहेत. म्हणजे पिवळ्या गाडीत बसल्यानं भागाकार येतोच असं नाही.

इथल्या अभ्यासाला शेतीचा हंगामही आडवा येतो. शाळा जूनच्या अखेरीस उघडते, तोवर पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वर आलेले असतात. जुलैत रोवणी लागली की मोठ्या मुली धाकट्यांना सांभाळायला घरी थांबतात, काही चिखलात उतरतात. दिवाळीनंतर कापणी, त्यातच मंडईची जत्रा आणि रात्रभर दंडारीचा खेळ. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायची, मेमध्ये तेंदूपत्ता. परीक्षेचं वेळापत्रक मुंबई-पुण्यात ठरतं, त्यात मोहफुलाला जागा नाही.

शाळेच्या भेटीत माझा सर्वांत जास्त वेळ गेला तो गणित शिकवणाऱ्या एका गुरुजींसोबत. याच मुलखातले, पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतच वाढलेले. क्षेत्रफळाचा धडा ते बांधीपासून सुरू करतात. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पावलं मोजायची, बांधीत इथल्या मापानं किती कुडो धान होईल ते ठरवायचं आणि मग पुस्तक उघडायचं. घनफळासाठी तलाव आहेतच. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, सात बहिणींच्या डोंगरांमध्ये पाळ टाकली आणि पुढं लोक त्यांना कोलासूर देव म्हणून पुजू लागले, ही गोष्ट पोरं घरून ऐकून येतात. गुरुजी त्यांना विचारतात, पाळीची रुंदी तळाशी जास्त का? पाणी कुठून सोडलं असतं तर शेवटच्या बांधीपर्यंत पोचलं असतं? ज्यांच्या पूर्वजांनी अशी पाळ उभी केली, त्यांची नातवंडं गणितात कच्ची म्हणून नोंदली जातात, याची त्यांना मनापासून चीड आहे.

भाषेचंही तेच. झाडीबोलीत ण, ळ, श, ष, छ हे वर्ण नाहीत, हे साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी कधीच दाखवून दिलं आहे. मूल श्रुतलेखनात ‘पानी’, ‘सेत’ लिहितं ते घरी ऐकतं तसं, आणि वहीवर लाल खूण पडते. आमचे गुरुजी आधी मुलाला त्याच्या बोलीत पूर्ण वाक्य बोलू देतात, मग प्रमाण मराठीत लिहायला शिकवतात. त्यांच्या वर्गात हात वर करणारी मुलं जास्त दिसतात, आणि ते कोणत्याही अहवालात उमटत नाही.

अहवालात उमटते ती पटसंख्या. 15 मार्च 2024च्या शासन निर्णयानं सहावी ते आठवीचा पट 20च्या खाली गेला तर शिक्षकाचं पद मिळणं अवघड करून ठेवलं. शिवाय शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेत आधारशी जुळलेलीच मुलं धरतात. आजोळी राहायला आलेलं, नावात काना-मात्रेचा घोळ असलेलं मूल वर्गात रोज बसतं आणि कागदावर नसतं. सानगडीसारख्या मोठ्या गावाला ही झळ उशिरा लागेल, आजूबाजूच्या लहान गावांना आताच लागते आहे. सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, भाषा आणि सामाजिक शास्त्र यांसाठी वेगळे शिक्षक हवेत, असं 2009चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. तो रद्द झाल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

आठवीच्या मुलांची तयारी सध्या एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेची. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या मुलांना ती देता येते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12 हजार रुपये. भूमिहीन घरात ही रक्कम मुलीला शाळेत टिकवू शकते. एसटीचा पास मुलींना बारावीपर्यंत मोफत आहे. मात्र सायंकाळी शाळा सुटल्यावर लवकर एक गाडी हवी, एवढंच मुलींच्या आया मागतात. कापणीच्या दिवसांत अंधार लवकर पडतो आणि फाट्यावरून गावापर्यंतची वाट धुऱ्याधुऱ्यानं जाते.