जुन्या लॅपटॉपचं वायफाय लिनक्सवर चालत नाही? फोनची केबल काढा!

गणपतीत मुरुड-जंजिऱ्याला मामाकडे गेलो होतो. मामेबहिणीला कॉलेजसाठी लॅपटॉप हवा होता आणि माळ्यावर २००९ चा एक पडून होता. मी त्यात डेबियन लिनक्स टाकलं. सगळं चाललं, फक्त वायफायचं एकही नेटवर्क दिसेना. मामा म्हणाला, "कार्ड गेलंय रे, भंगारात दे." पण नवीन लॅपटॉप म्हणजे मोठा खर्च. म्हटलं, आधी नीट बघू.

टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय' कमांड दिली. आत जोडलेल्या कार्डांची यादी येते. त्यात ब्रॉडकॉम बीसीएम४३१२ दिसलं, म्हणजे कार्ड जिवंत होतं! मग 'सुडो डीमेसेज' देऊन कर्नलचे मेसेज वाचले. अडचण एकच होती: फर्मवेअरची फाइल सापडत नव्हती.

ड्रायव्हर आणि फर्मवेअर यांत गल्लत करू नका. ड्रायव्हर कर्नलच्या बाजूने कार्डाशी बोलतो. फर्मवेअर म्हणजे कार्डातल्या चिपवर चालणारा छोटा प्रोग्राम. ड्रायव्हर तो कार्डात भरतो. 'बी४३' हा ड्रायव्हर २००८ मध्येच लिनक्समध्ये आला. पण त्याचं फर्मवेअर सोबत वाटायची परवानगी डेबियनला नाही, म्हणून ते नेटवरून वेगळं उतरवावं लागतं. आता वायफायसाठी नेट हवं आणि नेटसाठी वायफाय! इथे फोन कामी येतो.

१. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा आणि सेटिंग्जमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. लिनक्सला फोन वायरचं नेटवर्क कार्ड वाटतो. फक्त चार्जिंगची केबल चालणार नाही, डेटा जाणारी हवी.

२. डेबियनच्या सोर्सेसमध्ये 'कॉन्ट्रिब' विभाग जोडा आणि 'सुडो एप्ट अपडेट' द्या.

३. 'फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर' पॅकेज टाका आणि रीस्टार्ट करा.

शेजाऱ्यांचं वायफायसुद्धा दिसायला लागलं. तेवढ्यात बहीण म्हणाली, "दादा, माझा हॉटस्पॉट कुठाय?" तिचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर होता आणि या कार्डाला फक्त २.४ कळतं. फोनमध्ये बँड बदलला, लगेच जोडलं गेलं.

तुमचं कार्ड दुसरं असेल तर पॅकेजचं नाव बदलेल, पण क्रम हाच: आधी कार्ड ओळखा, मग कर्नल काय म्हणतंय ते वाचा. भंगारवाल्याला हाक सगळ्यात शेवटी.