दोन खोल्यांची एक चौकट

घर नव्याने सजवायला घेतले की भिंतींच्या रंगावर कुटुंबात आठ-आठ दिवस खल होतो. दारांच्या चौकटींचा रंग मात्र पॉलिश करणारा कारागीर समोर उभा राहिल्यावर ठरतो. मग बैठकीच्या दाराला गडद, आतल्या खोलीला मधाळ आणि स्वयंपाकघराला पांढरा असे तीन निर्णय तीन दिवशी होतात. भिंतीचा रंग चार वर्षांनी सहज बदलता येतो. लाकडात मुरलेला रंग काढणे मात्र खर्चाचे आणि कष्टाचे असते.

कोकणातील जुन्या बाजारपेठांत घरे लांबट असतात. पुढे दुकान वा पेढी, त्यामागे माजघर, मग स्वयंपाकघर आणि शेवटी मागची पडवी. दारे बहुधा एका रेषेत येतात. पुढच्या दारात उभे राहिले की तीन चौकटी एकीमागे एक दिसतात. अशा घरात प्रत्येक चौकट दोन खोल्यांच्या मालकीची असते. तिचा रंग एका खोलीपुरता पाहून ठरवला, तर पलीकडची खोली बेरंग होते. म्हणून एका रेषेत दिसणाऱ्या सर्व चौकटींना एकच रंग द्यावा आणि खोल्यांचे वेगळेपण भिंती, पडदे व बैठकीवर सोपवावे, हा सर्वांत निर्धोक मार्ग होय.

लाकूड आणि भिंत यांचे नाते पाहायचे असेल, तर रत्नागिरीतच थिबा राजवाडा आहे. १८८५ मध्ये ब्रह्मदेशाचे राज्य गमावलेल्या थिबा राजाला ब्रिटिशांनी पुढल्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवले. त्याच्यासाठी बांधलेला हा वाडा १९१० मध्ये पूर्ण झाला आणि १९१६ मध्ये राजाचा अंतही याच गावी झाला. कोकणचा तांबडा जांभा आणि ब्रह्मदेशी सागवान यांचा मेळ या वास्तूत आहे. दोहोंच्या रंगात मातीची ऊब आहे, म्हणून ते एकमेकांशी भांडत नाहीत. घरातही हाच विचार उपयोगी पडतो. जमीन लाल कोब्याची असेल, तर तांबूस तपकिरी पॉलिश शोभते. करड्या शहाबादी फरशीजवळ पिवळसर छटा उठून दिसते, तर फार तांबडे लाकूड परके वाटते.

निवड करताना लाकडाचा स्वभावही ध्यानात घ्यावा. ताजा सागवान सोनेरी असतो आणि वर्षागणिक तपकिरी होत जातो. फणसाचे लाकूड आरंभी चक्क पिवळे दिसते. उजेड लागत गेला की ते तांबूस तपकिरी होते. खिडकीजवळची चौकट लवकर गडद होते, आतली उशिरा. म्हणून पहिल्या दिवशी दोन लाकडे तंतोतंत जुळवण्याचा हट्ट धरू नये. माजघराला खिडकी नसेल, तर तेथे फार गडद छटा टाळावी, कारण ती आहे तो उजेडही गिळते. त्याच लाकडाच्या हातभर पट्टीवर पॉलिशचा नमुना करून घ्यावा. ती चौकटीला उभी टेकवून सकाळी, सायंकाळी आणि दिव्याच्या उजेडात पाहावी. आडव्या पट्टीवर दिसणारा रंग उभ्या चौकटीवर तसाच दिसत नाही.

दोन खोल्यांना दोन रंग हवेच असतील, तर रंग बदलण्याची जागा नेमकी ठरवावी. दार मिटल्यावर फळी चौकटीच्या ज्या खाचेला टेकते, तेथे रंग बदलावा. दार ज्या खोलीत उघडते, त्या खोलीचा रंग फळीच्या कुलपाकडील कडेला द्यावा. बिजागरीकडील कडेला पलीकडच्या खोलीचा. दार उघडे असले, तरी मग प्रत्येक खोलीतून तिचाच रंग दिसतो. जेथे दारच नाही, नुसती मोकळी कमान आहे, तेथे अशी खाच नसते. तिला एकच रंग द्यावा.

रंगाइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे तो कशाने येतो याचा. जुने चपडा पॉलिश लाखेपासून होते आणि लाख हा कीटकांचा स्राव आहे. ती मिळवताना असंख्य जीवांची हिंसा होते. श्रावकाने वर्ज्य मानलेल्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्याची गणना आहे, हे वाचकांना ज्ञात आहेच. व्यापारात जे टाळले, ते घराच्या चौकटीवर का यावे? काही सीलरमध्येही लाख असते, म्हणून कारागिराला आधीच विचारावे. जोडकामासाठी जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस नको, हेही सांगावे. लाखेच्या पॉलिशवर दमटपणाने पांढुरके डाग पडतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या रत्नागिरीत ते तसेही टिकाऊ नाही. त्याऐवजी जवसाचे तेल किंवा पॉलियुरेथेनचा लेप निवडता येतो. जवसाचे तेल सावकाश वाळते, म्हणून हे काम पावसाळा सरल्यावरच काढावे. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून ठेवू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत.

जुन्या सागवानी चौकटीवर ऑइल पेंट चढवण्यापूर्वी दोनदा विचार करावा. कोरीव पट्टीच्या खाचांतून तो पुन्हा काढणे फार कठीण असते. आधीचा पेंट असलाच, तर तो कोरडा घासू नये. घरगुती रंगांतील शिशावर दशलक्षात ९० भागांची मर्यादा २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वीच्या रंगांत ते अधिक असू शकते. त्याची धूळ लहान मुलांना विशेष घातक ठरते. पृष्ठभाग ओला ठेवून घासावा आणि काम संपेपर्यंत मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवावे.

एकत्र कुटुंबात दोन भावांच्या खोल्यांमधली चौकट दोघांचीही असते. तिचा नमुना दोन्ही बाजूंनी, दोन्ही जावांनी आणि घरातील वडीलधाऱ्यांनी पाहावा. पॉलिशचा पहिला हात त्यानंतरच द्यावा.