लहान आतडे आणि साखर-मिठाचे पाणी

पिकाची केशमुळे जमिनीतून पाणी व अन्नद्रव्ये ओढून घेतात. आपल्या शरीरात हेच काम लहान आतडे करते. नाव लहान, पण लांबी सुमारे ६ मीटर, मोठ्या आतड्याच्या चौपट! जठरातून आलेल्या अन्नात येथे पित्त व स्वादुपिंडाचा रस मिसळतो आणि भाकरीतील पिठाची साखर होते. आतड्याच्या आतील बाजूस जेमतेम १ मिलिमीटर उंचीचे, मखमलीसारखे लाखो उंचवटे असतात. त्यांतून साखर, क्षार व पाणी रक्तात जाते.

जुलाबात पाणी व क्षार झपाट्याने निघून जातात. नुसते पाणी पाजून भागत नाही. मात्र साखर शोषण्याची वाट बहुधा शाबूत असते. साखरेबरोबर मीठ आणि त्यामागोमाग पाणी आत ओढले जाते. १९७१ मध्ये बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच उपायाने पटकीचे असंख्य रोगी वाचविले.

ओआरएसची पुडी नसल्यास उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. मीठ जास्त नको. मुलाला हे पाणी थोडे थोडे पाजत राहावे, अंगावरचे दूध तोडू नये. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले किंवा शौचातून रक्त पडले, तर ताबडतोब दवाखाना गाठावा.