इथाका ३७: खालून भरणारी, खालूनच रिकामी होणारी बंदूक
इथाका ३७ ही १९३७ पासून अमेरिकेत बनू लागलेली पंप-ॲक्शन शॉटगन. तिचे मूळ जॉन ब्राउनिंग यांच्या १९१५च्या पेटंटात आणि त्यावरून घडलेल्या रेमिंग्टन १७मध्ये. काडतूस खालून भरायचे, रिकामे टरफलही खालीच पडते. टरफल बाहेर पडायला कडेला खिडकीच नाही. त्यामुळे धूळ कमी शिरते आणि डावखुऱ्यालाही ती तितकीच सोयीची. पंप-ॲक्शनमधली ही सर्वांत देखणी रचना!

भारतात आयातीवरील निर्बंधांमुळे अशी जुनी बंदूक बहुधा वारशानेच हाती येते. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीतील वारसाला त्यासाठी आयुक्तालयाचा परवाना लागतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात, त्यामुळे संग्रह छोटाच राहतो. चालू स्थितीतील बंदूक केवळ जुनी म्हणून परवान्यातून सुटत नाही. परवान्याची मुदत ५ वर्षे. नूतनीकरण वेळेत करावे.